दोन विल्यम, दोन मेऱ्या आणि सासूबाईंची वंशावळ

प्रश्न : मी मूळची सांगलीची. लग्नानंतर इंग्लंडमध्ये नॉरिचला स्थायिक झाले. नवरा इथलाच, नॉरफक काउंटीतला. सप्टेंबरात सासूबाईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागतंय, म्हणून त्यांना त्यांच्या माहेरच्या घराण्याची वंशावळ करून द्यायचं ठरवलंय. पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरांचं घर. जनगणनेचे कागद आणि दाखले जोडत १८३९ पर्यंत नीट पोचले. त्या वर्षी त्यांच्या एका पूर्वजाचं लग्न झालं. दाखल्यावर त्याच्या वडिलांचं नाव विल्यम, धंदा मजुरी. १८५१ च्या जनगणनेत या पूर्वजाचं वय तेहेतीस आहे आणि त्याचा बाप्तिस्मा मार्च १८१८ मधला सापडला. आईबाप विल्यम आणि मेरी. आता या विल्यमचं लग्न शोधते, तर दोन लग्नं निघतात. एक ऑक्टोबर १८१४ चं, पाच मैलांवरच्या गावात. दुसरं नोव्हेंबर १८१७ चं, अगदी शेजारच्या गावात. दोन्हीकडे नवरा विल्यम, आडनाव तेच, आणि बायको मेरी! इंटरनेटवर कुणीतरी आधीच केलेल्या वंशावळीत १८१४ चं लग्न धरलंय आणि तिथून थेट १५६० पर्यंत मजल मारलीय. मलाही तेच बरोबर वाटतं, कारण १८१७ चं धरलं तर मूल लग्नानंतर चार महिन्यांत! सासूबाई नेमाने चर्चला जाणाऱ्या. त्यांच्या हातात असं काही ठेवायचं कसं? १८१४ धरून पुढे जाऊ का? शिवाय त्या सांगतात की त्यांच्या आजोबांचे एक काका पलटणीतून पुण्याला गेले आणि तिथेच त्यांनी लग्न केलं. त्याचं काही सापडेल का?
— एक सून, नॉरिच

उत्तर :

नाही, १८१४ धरून पुढे जाऊ नका. ते लग्न चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. कदाचित तेच खरं निघेल. पण तुमचं पत्र वाचताना जाणवतं की ते तुम्हाला पटलंय ते पुराव्यामुळे नव्हे, तर ते सभ्य आहे म्हणून. १८१४ ला लग्न, १८१८ ला बाप्तिस्मा, मधे भरपूर अंतर, सगळं कसं सोवळ्यातलं. १८१७ च्या लग्नाचा गुन्हा काय, तर ते अडचणीचं आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या विल्यमला आणि मेरीला आपल्या अडचणीची कल्पना नव्हती.

आपण नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला उपाध्यांकडे जातो, तेव्हा ते वही उघडतात आणि घराणं समोर येतं. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, त्यांनी स्वतः येऊन सांगितलेली नावं, नात्यासकट. तीच अपेक्षा घेऊन आपण इंग्लंडच्या पॅरिश रजिस्टरकडे (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) जातो आणि फसतो. हेन्री आठव्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायचा हुकूम काढला, तेव्हापासूनची ही रजिस्टरं. पण त्यात घराणी नाहीत, दिवस आहेत. अमुक तारखेला चर्चमध्ये काय झालं, एवढंच. त्या दिवशी लग्नाला उभा राहिलेला विल्यम आणि साडेतीन वर्षांनी बाळ घेऊन आलेला विल्यम एकच का, हे पाद्रीबुवांनी कुठेही लिहिलेलं नाही. त्यांना त्याची गरजच नव्हती, ते दोघांना तोंडाने ओळखत होते. नातं जोडायचं काम आपलं.

आता नोंदीत काय असतं ते बघा. १७५३ चा हार्डविक यांचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. त्यानंतर ज्यू आणि क्वेकर पंथाचे लोक सोडून सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्येच, बॅन्स पुकारून (म्हणजे लग्नाआधी चर्चमध्ये नावं जाहीर करून) किंवा लायसन्स काढून, दोन साक्षीदारांसमोर लग्न करावं लागे. म्हणून १७५४ ते १८३७ या काळात बहुतेक प्रत्येक लग्न पॅरिशच्या वहीत असायला हवं, मग माणूस मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा वेगळ्या पंथाचा का असेना. वहीत छापील चौकटी असतात. अमुक, या पॅरिशचा, आणि अमुक, या पॅरिशची, यांचं लग्न या चर्चमध्ये बॅन्सने, अमक्या तारखेला माझ्या हस्ते झालं. खाली पाद्र्याची सही, मग नवरा-नवरीच्या सह्या किंवा अंगठ्याच्या जागी काढलेल्या फुल्या, मग साक्षीदार. वय नाही, धंदा नाही, आणि वडिलांचं नाव नाही. वडिलांचं नाव लागायला लागलं ते १ जुलै १८३७ पासून, सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर. (आईचं नाव यायला २०२१ उजाडलं, आता बोला.) तुमचा १८३९ चा दाखला एवढा बोलका आणि १८१४ ची नोंद एवढी मुकी, ती यामुळे.

त्यामुळे नुसत्या त्या दोन नोंदी कितीही वेळा वाचल्या तरी निकाल लागायचा नाही. निकाल आजूबाजूच्या कागदांत आहे.

पहिली गोष्ट, मूळ पानाचं छायाचित्र बघा. पत्रावरून वाटतं की तुम्ही वेबसाइटवरची सूचीच पाहिलीय. सूचीत सह्या नसतात, साक्षीदार बहुधा नसतात, आणि नवरदेव बिनलग्नाचा होता की विधुर, हे पाद्र्याने लिहिलेलं असलं तरी सूची करणारा कित्येकदा गाळतो. पान उघडलंत की आधी विल्यमच्या नावापाशी काय आहे ते बघा. एका ठिकाणी सही आणि दुसऱ्या ठिकाणी फुली असेल, तर माणसं दोन असण्याची शक्यता वाढते. पक्का पुरावा मात्र नव्हे. नवरीला लिहिता येत नाही म्हणून नवऱ्यानेही फुली काढली, किंवा घाईत पाद्र्याने सगळ्यांनाच फुली काढायला लावली, असंही घडे. फुलीभोवती ‘विल्यम याची खूण’ अशा अर्थाचे शब्द पाद्र्याच्याच अक्षरात असतात. फुली तेवढी त्याची. काहींची आडवी, काहींची थरथरलेली, काही जण तिच्याऐवजी नावाचं पहिलं अक्षर काढायचा प्रयत्न करतात आणि ते उलटं पडतं. दोनही पानं शेजारी शेजारी ठेवून बघाच.

मग साक्षीदार. त्याच पानावरची आधीची-नंतरची लग्नं चाळा. एकच नाव प्रत्येक लग्नाला हजर असेल तर तो पॅरिश क्लार्क, म्हणजे चर्चचा कारकून, त्याचा विल्यमशी संबंध शून्य. दुसरं नाव मात्र बहुतेक वेळा भावाचं, बहिणीचं, मैत्रिणीचं असतं. आडनाव मेरीच्या माहेरचं असेल, तर तिचं घर कुठलं याचा माग तिथून लागतो.

बॅन्सची वहीही विसरू नका. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारत. दोघं वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे. लग्न साधारणपणे नवरीच्या गावी होई. म्हणजे १८१४ चं लग्न पाच मैलांवरच्या गावी झालं, तेवढ्यावरून विल्यम त्या गावचा ठरत नाही. तुमच्या पूर्वजाचा बाप्तिस्मा ज्या गावी झाला, तिथल्या बॅन्सच्या वहीत १८१४ किंवा १८१७ साली यांची नावं पुकारलेली दिसली, तर मोठा धागा हाती लागला. एक ध्यानात असू द्या, बॅन्स पुकारले म्हणजे लग्न झालंच असं नाही. मोडलेली लग्नंही त्या वहीत आहेत.

आता खरं काम. दोन्ही जोडप्यांचे संसार कागदावर मांडा. आसपासच्या सहा-सात गावांतले १८१४ ते १८४० मधले, आईबाप विल्यम आणि मेरी असलेले या आडनावाचे सगळे बाप्तिस्मे काढा. तुमचं नशीब असं की १८१३ पासून बाप्तिस्म्याची वही छापील नमुन्याची झाली आणि त्यात राहण्याचं गाव आणि बापाचा धंदा येतो. १८१४ चं जोडपं त्या पाच मैलांवरच्या गावी दर दोन वर्षांनी मूल घेऊन येताना दिसलं, आणि त्यातलं एक मूल १८१७ च्या अखेरीस किंवा १८१८ च्या सुरुवातीला असलं, तर विषय संपला. एकच बाई त्याच हिवाळ्यात दोन गावांत दोन बाळंतपणं करू शकत नाही. किंवा एक विल्यम मजूर आणि दुसरा चांभार निघाला, तरी चित्र बरंच साफ होतं. धंदे बदलत, पण मजुराचा चांभार सहसा होत नसे.

तिसरी शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोन विल्यम कशावरून? एकच विल्यम असेल तर? १८१४ ला एका मेरीशी लग्न केलं, ती बाळंतपणात गेली, आणि १८१७ ला दुसऱ्या मेरीशी केलं. इंग्लंडच्या खेड्यात त्या काळी दर चौथी-पाचवी बाई मेरी असावी असं रजिस्टर चाळताना वाटतं, तेव्हा यात नवल काही नाही. म्हणून १८१४ ते १८१७ मधली दफनं तपासा. दफनाच्या वहीतही १८१३ पासून वय आणि गाव येतं. पंचवीस-तीस वर्षांची या आडनावाची मेरी त्यात सापडली आणि १८१७ च्या नोंदीत विल्यम विधुर असला, तर दोन्ही लग्नं तुमच्याच घराण्यातली.

यापेक्षा जवळची एक वाट आहे, आणि मी असते तर आधी तीच धरली असती. १८१७ च्या आसपास लग्न झालेली बाई १८३७-३८ पर्यंत बाळंत होऊ शकते. या विल्यम-मेरीचं शेंडेफळ १ जुलै १८३७ नंतर जन्मलं असेल, तर त्याच्या जन्माची सरकारी नोंद असू शकते आणि त्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं! जनरल रजिस्टर ऑफिसच्या वेबसाइटवरची सूची फुकट शोधता येते, आणि त्या सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत विल्यमच्या घरात लहान मूल दिसतंय का ते आधी बघा, मग सूचीत ते नाव टाका. दोन मेऱ्यांची माहेरची आडनावं वेगळी आहेत, तेव्हा पाच मिनिटांत उत्तर मिळू शकतं. सुरुवातीच्या वर्षांत बरेच जन्म नोंदवलेच गेले नाहीत, त्यामुळे सापडलं नाही तर धीर सोडू नका. तसं मूलच नसेल तर आधीच्या मुलांची मधली नावं बघा. मजुरांच्या घरातही आईच्या माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून ठेवलेलं आढळतं.

जनगणनेबद्दल एक. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती, आणि जन्मगाव न विचारता फक्त ‘याच काउंटीत जन्मला का’ एवढंच विचारलं होतं. म्हणून भरवसा १८५१ वर ठेवा. त्यात विल्यम किंवा मेरी हयात असतील, तर दोघांचं जन्मगाव सरळ लिहिलेलं मिळेल.

मजुरांचं घर म्हणून तुम्हाला आणखी एक दार उघडं आहे, जे जमीनदारांच्या वंशजांना नसतं. गरिबीत पॅरिशची मदत मागायला गेलेल्या माणसाला तो मुळात कुठल्या पॅरिशचा हे सिद्ध करावं लागे. न्यायाधीशांपुढे त्याची जबानी होई : जन्म कुठला, वर्षभराच्या कराराने कुठे चाकरी केली, लग्न कुठे आणि कुणाशी केलं, मुलं किती. तो खर्च आपल्या गावावर पडू नये म्हणून कारभारी खोदून खोदून विचारत. एवढी जिवंत माहिती दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही. सगळ्या गावांच्या जबान्या टिकलेल्या नाहीत, पण तुम्ही नॉरिचमध्येच राहता आणि नॉरफक रेकॉर्ड ऑफिस तिथेच आहे. एक दिवस सुट्टी काढा, जाण्याआधी त्यांची ऑनलाइन सूची बघून दोन्ही गावांचे ‘सेटलमेंट’चे, म्हणजे माणूस कुठल्या पॅरिशचा हे ठरवणारे, कागद आहेत का ते पाहून ठेवा, आणि जा. तिथली माणसं मदत करतात, फक्त प्रश्न नेमका विचारायचा. ‘माझ्या सासूबाईंचं घराणं शोधायचंय’ असं म्हणू नका, ‘अमुक पॅरिशच्या १८१० ते १८३० च्या जबान्या हव्यात’ असं म्हणा.

घरबसल्या शोधायला फ्रीरेग ही स्वयंसेवकांनी केलेली सूची फुकट आहे आणि नॉरफकच्या नोंदी तिच्यात भरपूर आहेत. फॅमिलीसर्च ही वेबसाइटही फुकट. पैसे भरायच्या साइट महिनाभरासाठी घ्या, यादी तयार ठेवून घ्या आणि काम उरकून बंद करा. शोधताना आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. पाद्री कानाला येईल तसं लिहीत आणि लिहिता न येणारा माणूस चूक दाखवणार कशी? एखाद्या वर्षाचं पान फाटलं किंवा उंदरांनी खाल्लं असेल, तर नकला विचारा. १५९८ पासून दरवर्षी रजिस्टरची नकल बिशपकडे पाठवायची पद्धत होती, नॉरफकात बरीच वर्षं ती आर्चडीकन या बिशपच्या हाताखालच्या पाद्र्याकडेही जाई. कधी कधी मूळ वहीत न लिहिलेला तपशील नकलेत निघतो.

इंटरनेटवरच्या त्या तयार वंशावळीबद्दल मी फार लिहीत नाही. १८१४ च्या लग्नाला तिने काय पुरावा दिलाय ते बघा. नुसतं दुसऱ्या वंशावळीकडे बोट दाखवलं असेल तर बंद करून टाका. १५६० पर्यंत अखंड जाणारी मजुरांची साखळी अशक्य नाही, पण वाटेत यादवी युद्ध आणि त्यानंतरची राजाविना वर्षं लागतात, १६४२ ते १६६०. त्या काळातली कित्येक रजिस्टरं रिकामी आहेत, आणि १६५३ नंतर काही वर्षं लग्नं पाद्र्यासमोर नव्हे तर न्यायाधीशासमोर लागत होती. १७३३ पर्यंत लॅटिन चाले, त्यात तुमचा विल्यम ‘गुलिएल्मुस’ होऊन बसतो. आणि १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे फेब्रुवारी १७२० चा बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने १७२१ चा. या सगळ्यातून कुणी अडखळल्याशिवाय गेलं असेल तर बहुधा त्याने खाली पाहिलंच नसेल.

आता चार महिन्यांचं. आधी एक तांत्रिक गोष्ट. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. मूल काही आठवड्यांचं असेल, काही महिन्यांचं असेल, क्वचित काही वर्षांचंही. पाद्र्याने जन्मतारीख समासात लिहिली असेल तर बघा. पण समजा, १८१७ चंच लग्न खरं निघालं आणि मेरी लग्नाच्या वेळी पाच महिन्यांची गरोदर होती. तर तिच्यासारख्या तेव्हा असंख्य होत्या. पॅरिश रजिस्टरांवर काम करणाऱ्या इतिहासकारांनी लग्नाची आणि पहिल्या बाप्तिस्म्याची तारीख जुळवून पाहिलीय. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा लग्न करणाऱ्या मुलींपैकी ढोबळमानाने तीनात एक तरी बोहल्यावर चढताना गरोदर होती. मजुरांत वचन दिलं की लग्न ठरलं असं मानत, चर्चला सवडीने जात. ज्यांचं लग्न झालं नाही त्यांच्या मुलाचा खर्च पॅरिशवर पडे, म्हणून गावकारभारीच कधी कधी बापाला शोधून, हातात खर्चाला पैसे ठेवून चर्चमध्ये आणून उभा करत.

सासूबाईंचं म्हणाल तर, त्यांना सांगा. वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांसमोर नको, त्याआधी एखाद्या दुपारी चहा घेताना सांगा. पंच्याहत्तर वर्षं नॉरफकात काढलेल्या बाईला आपल्या गावात काय काय चालायचं हे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. फ्रेम करून भिंतीवर लावायच्या तक्त्यात महिने मोजून लिहायची गरज नाही, फक्त तारखा लिहा. ज्याला मोजायचंय तो मोजेल. तारीख बदलायची मात्र नाही, आणि सोयीची मेरी उचलून गैरसोयीची टाकायची तर मुळीच नाही. ती टाकलेली मेरीच सासूबाईंची खरी पणजीची पणजी असली तर? सप्टेंबरपर्यंत निकाल लागला नाही, तर तक्ता १८१८ च्या बाप्तिस्म्यापाशी थांबवा आणि वर दोन्ही लग्नं पेन्सिलीने लिहून ठेवा.

राहिले पुण्याचे काका. ते सापडण्याची शक्यता विल्यमपेक्षा चांगली आहे. हिंदुस्थानात झालेल्या ब्रिटिशांच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवत. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मुंबई इलाख्याची मालिका वेगळी आहे आणि पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर या छावण्या तिच्यातच येतात. फाइंडमायपास्ट या पैसे भरायच्या साइटवर ती पानं बघता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूचीही फुकट शोधता येते. आजोबांचे काका म्हणजे काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला धरू. तेव्हाच्या नोंदीत वय, हुद्दा आणि वडिलांचं नाव बहुधा असतं, म्हणजे तुमच्या साखळीशी जुळवणं सोपं. पुणे कॅम्पातलं सेंट मेरीज हे पलटणीचं जुनं चर्च, १८२५ सालचं, पण तेवढंच धरून बसू नका. खडकीचं लग्नही घरच्यांच्या तोंडी ‘पुण्याचं’ होतं. नकला पाठवायच्या राहूनही जात, म्हणून लंडनच्या सूचीत नाव नसलं तरी लग्न झालंच नाही असं समजू नका. सासूबाईंना त्यांच्या पलटणीचं नाव किंवा नंबर आठवतोय का ते आजच विचारा. जुना फोटो असेल तर टोपीवरचा बिल्ला भिंगातून बघा. पलटण कळली की ती पुण्यात कुठल्या वर्षी होती हे शोधता येतं, आणि मग चाळीस वर्षांच्या नोंदी चाळायच्या त्या तीन-चार वर्षांवर येतात.